चौकशीला आलेल्या बाई

लोखंडे बाईंची नक्कल करायची तर नुसता आवाज काढून भागत नाही. आवाज सोपा आहे. जरा घोगरा, माणदेशी, वाक्य संपताना खाली बसणारा. अवघड आहे ते थांबणं. बाई प्रश्न विचारायच्या आणि थांबायच्या. समोरचा उत्तर द्यायचा, तरी बाई थांबलेल्याच. मग त्याला वाटायचं, आपलं काहीतरी सांगायचं राहिलं, आणि जे सांगायचं नव्हतं तेही तो सांगून मोकळा व्हायचा. गॅदरिंगला मी स्टेजवर बाई करायचो तेव्हा काखेत काळी छत्री धरून नुसता उभा राहायचो. एक शब्द नाही. पोरं हसून हसून बेजार. पुढच्या रांगेत बाई स्वतः बसलेल्या असायच्या. त्या सगळ्यात शेवटी हसायच्या, आणि छत्री मात्र परत मागून घ्यायच्या.

बाई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागात होत्या, सांगलीच्या केंद्रावर. बहिःशाल म्हणजे विद्यापीठानं आपल्या भिंतीबाहेर जाऊन लोकांना शिकवायचं. गावोगावी व्याख्यानं, बायकांचे शिवणाचे वर्ग, आणि मे महिन्यात शाळेतल्या पोरांचं निवासी शिबिर. कॉलेजची पोरं सुट्टीला गेली की होस्टेल रिकामं पडायचं. मग जत, माण, पाटण असल्या तालुक्यांतली पोरंपोरी पंधरा दिवस तिथं राहायला यायची. सोबत वळकटी, लाडवाचा डबा आणि पहिल्या संध्याकाळचं रडणं. कागदावर शिबिर संचालकांचं होतं. पण पोराला ताप आला, की ते बाईंचं.

या शिबिरासाठी बाईंनी एक कायदा काढला. ही नव्वद सालानंतरची गोष्ट. असा कायदा तेव्हा विद्यापीठात नव्हता, आणि कुठं असतो असं आम्ही ऐकलंही नव्हतं. पोरांच्या जवळ जो कोणी जाणार, मग तो प्राध्यापक असो, आचारी असो, नाहीतर केंद्रावर पडेल ते काम करून संध्याकाळी नकला दाखवणारा माझ्यासारखा टारगट असो, त्याची त्याच्या गावात जाऊन चौकशी व्हायची. एकट्यानं जायचं नाही, दोघांनी जायचं, कारण एकट्याची माणूस ओळखायला चूक होऊ शकते. न्हाव्याच्या दुकानात बसायचं, गिरणीत उभं राहायचं, शाळेच्या शिपायाला गाठायचं आणि विचारायचं, माणूस कसा आहे. शिबिरात पण तेच. पोरांबरोबर एकटं मोठं माणूस नाही, कायम दोन. खोलीत पोर असेल तर दार सताड उघडं.

संचालक वैतागले. "अहो बाई, हे विद्यापीठाचे लोक आहेत. त्यांच्या पदव्या बघून घेतलंय आपण."

"पदवी बघून पोरगी देता का सर तुमी?"

संचालकांच्या थोरलीचं त्याच साली जमलं होतं. जावयाच्या चौकशीसाठी त्यांनी कऱ्हाड, इस्लामपूर, वाई सगळं पालथं घातलं होतं, जावई ज्या दुकानात पान खायचा त्या पानवाल्यापर्यंत.

"एक पोरगी द्यायची तर पानवाल्याला विचारता," बाई म्हणाल्या. "इथं एवढी लेकरं लोक आपल्या हवाली करून जातात. कुणाला विचारून?"

झालं. सोयरीक जुळवायच्या आधी जशी चौकशी करतात, तशी बाईंनी विद्यापीठाची चौकशी चालू केली.

माझं गाव विटा. शनिवारी घरी गेलो तर आई दारातच उभी.

"कुनाची रं पोरगी?"

"कसली पोरगी?"

"आता मला शिकवू नगं. दोगं आल्ती चौकशीला. एक बाई, छत्रीवाली, आन एक मरतुकडा मानूस. न्हाव्याला इचारलं, गिरनीत इचारलं. पोरगा पितो का, हात उचलतो का. बाईमानूस स्वता फिरतंय म्हंजी घरानं खमकं दिसतंय. तू नाही म्हणू नगंस."

मरतुकडा माणूस म्हणजे केंद्रावरचे माने क्लार्क. शिबिराचं आहे, पोरीचं नाही, हे आईला पटवायला माझा रविवार गेला. पटलं तेव्हा ती जरा नाराजच झाली. सोमवारी बाईंनी सगळ्यांच्या देखत निकाल सांगितला. "न्हावी म्हणाला, वात्रट हाय, पन वाईट न्हाई. पास केलंय तुला."

मला गप्प कुठं बसवतंय. मी म्हणालो, "आणि बाई, तुमची चौकशी कुणी केली?"

बाई थांबल्या. मला वाटलं, आता ओरडा बसणार. पण त्या म्हणाल्या, "खरं हाय की," आणि त्याच आठवड्यात त्यांनी माने आणि शिवणाच्या कुलकर्णी बाईंना आपल्या गावी धाडलं. गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडं. दोघं संध्याकाळी उन्हानं काळवंडून परत आले आणि एकमेकांकडं बघत बसले.

"सांगा की," बाई म्हणाल्या.

"बाई, तुमच्या आळीत निम्म्या घरांना कुलपं आहेत," माने म्हणाले. "सगळी मुंबईला. जी माणसं आहेत ती नंतर लग्न होऊन आलेली, त्यांना तुम्ही माहीतच नाही. बुद्धविहाराच्या कट्ट्यावर एक म्हातारे होते. त्यांना म्हणालो, लोखंड्यांची सरोज. ते म्हणाले, हाय व्हय अजून?"

आम्ही हसलो. बाई पण हसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी काय पास न्हाई." आम्हाला वाटलं चेष्टा करतायत. पण त्या वर्षी शिबिर चालू झालं आणि बाई पोरांच्या खोलीत पाय ठेवीनात. उंबऱ्याबाहेरनं विचारायच्या, "जेवलास का रं?" शेवटी म्हसवडला त्यांचे चौथीचे गुरुजी सापडले. त्यांनी मान्यांना सांगितलं, पोरगी हट्टी होती, खोटं बोलत नव्हती. तेव्हा कुठं बाई आत आल्या. आपल्याला ओळखणारं एक माणूस शोधायला आपल्याच जिल्ह्यात एवढं फिरावं लागलं, यावर त्या कधी बोलल्या नाहीत. बोलण्यासारखं होतं, असं मला नंतर वाटलं.

गावोगाव फिरताना त्यांना एक गोष्ट कायम व्हायची. त्या चौकशीला जायच्या आणि आधी चौकशी त्यांचीच व्हायची. तुमी कुनाच्या, आडनाव काय, गाव कुठलं. मग बाई कुणी विचारायच्या आधीच सगळं सांगून टाकायच्या आणि बघत राहायच्या, आता चहा घरात मिळतो का ओट्यावर. मला म्हणायच्या, "त्यावरनं बी कळतं गड्या. आपलं काम सोपं होतं." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर काही नसायचं. तिथली नक्कल मी कधी केली नाही.

एका वर्षी संचालकांनी एक नावाजलेले व्यायामशिक्षक आणायचे ठरवले. मल्लखांब शिकवणार, पेपरात फोटो येणार. ते पूर्वी जतकडच्या एका गावात शाळेवर होते. बाई आणि माने तिकडं गेले. सगळ्यांनी तोंडभरून सांगितलं, लय मोठा माणूस. गिरणीतही तेच. बाई थांबलेल्याच. दळण घ्यायला आलेल्या एका बाईनं ते नाव ऐकलं, शेजारी उभ्या पोरीला मागं ओढलं, आणि पिठाचा डबा अर्धवट भरलेला तसाच उचलून चालू लागली. लोखंडे बाई तिच्या मागनं गेल्या. टँकर येतो तिथं घागरींच्या रांगेत दोघी लय वेळ बसल्या होत्या, माने सांगायचे. काय बोलणं झालं ते मान्यांना कळलं नाही, कारण अर्धं बाईंच्या तोडक्यामोडक्या कानडीत होतं आणि अर्धं रडण्यात. बाई उठून आल्या आणि म्हणाल्या, "चला."

संचालकांना त्यांनी एवढंच सांगितलं, "हे नकोत."

"पुरावा आहे का तुमच्याकडं?"

"त्या लेकराला मी परत बोलायला लावणार न्हाई सर. आणि नवा पुरावा हवा असंल तर त्यासाठी आणखी एक लेकरू लागतं. ते मी देणार न्हाई."

ते शिक्षक आले नाहीत, पण त्यानंतर स्टाफरूममध्ये बाईंशी बोलणं बंद झालं. एका मोठ्या माणसाला त्यांनी बदनाम केलं, अशी कुजबुज. खरं तर नाव घेऊन काही बोलल्या नव्हत्या त्या, फक्त नकोत म्हणाल्या होत्या. एक दिवस वर्गाच्या फळ्यावर कुणीतरी छत्री काढली आणि खाली लिहिलं, वधू-वर सूचक मंडळ. बाईंनी ते पुसलं नाही. उरलेल्या जागेत तास घेतला.

मी एकदा विचारलं होतं, एवढं मनावर का घेता. एस.टी.त होतो आम्ही. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी आठवीत साताऱ्याला होस्टेलवर होते. वर्ष पुरं केलं न्हाई, घरी पळून आले. रेक्टर लय शिकलेला होता. त्याची चौकशी कुणी केली नव्हती." माझ्या तोंडात कायम काहीतरी तयार असतं, पण त्या दिवशी कऱ्हाडपर्यंत काही आलं नाही.

आम्ही कऱ्हाडवरनं पाटणला चाललो होतो. जाधव सरांच्या चौकशीला.

जाधव सर भूगोलाचे. शेजारच्या कॉलेजात शिकवायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन साताऱ्याला. दुपारी डबा घेऊन आमच्या केंद्रावर यायचे आणि बाईंच्या टेबलावर जेवायचे. सरांच्या खानावळीच्या डब्यातली भाजी कुणाला ओळखू यायची नाही. बाई आपली मटकी अर्धी त्यांच्या डब्यात टाकायच्या, सर म्हणायचे, "आता ही भाजी झाली." रोज तेच वाक्य, आणि रोज बाई हसायच्या. स्टाफरूम बोलत नव्हती त्या काळात बाईंशी दिवसभरात मनापासून बोलणारं हे एकच माणूस होतं. बाईंनी लग्न केलंच नव्हतं, तेव्हा दोघं एक ना एक दिवस लग्न करणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. माने तर सूटचं कापड बघून आले होते.

त्या वर्षी बाईंनी सरांना शिबिरात कोयनेचं खोरं मातीत करून दाखवायला सांगितलं. धरण, डोंगर, बोगदे, सगळं पोरांच्या हातनं. सर खूश. कायदा आपल्यालाही लागतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नसावं. मान्यांच्या घरी लग्न होतं म्हणून जोडीला मी.

"बाई, सरांची काय चौकशी करायची?" मी म्हणालो. "रोज जेवता की त्यांच्याबरोबर."

"जेवताना सगळीच बरी असतात."

"त्यांना सांगितलंय?"

"सांगून गेलं की गाव सावध होतं."

"मग एकाला सोडा की. कुणाला कळणार हाय?"

"एकाला सोडलं की बाकीच्यांवर तो आळ होतो," बाई म्हणाल्या. "सगळ्यांची करतो म्हणून चालवून घेतात लोक."

गावात न्हाव्यानं चांगलं सांगितलं, शाळेच्या शिपायानं त्याहून चांगलं. गिरणीपर्यंत पोचायच्या आत एक पोरगं पळत आलं, "तुमाला आक्का बोलावत्यात." आक्का म्हणजे सरांची थोरली बहीण, घरी एकटीच असायची. बातमी आमच्या पुढं गेली होती. आक्कांनी दारातच बाईंचा हात धरला.

"मी लोखंडे. माण तालुक्यातली. आमची घरं..." बाईंनी नेहमीचं चालू केलं.

"ठावं हाय," आक्का म्हणाल्या. "तो सांगतोय की तुमचं. आत या, चुलीपाशी बसा."

चहा चुलीपाशी मिळाला. बाई पितळेची वाटी दोन्ही हातांत धरून बसल्या. आणि मग विचारलं, जे प्रत्येक गावात विचारायच्या तेच.

"लहान पोरांत कसे असतात हो सर?"

"त्याचं नका इचारू. भावजय गेली तवा पोरगी एवढीशी. येनी घालाय येत न्हवती ह्याला. शाळंतल्या बाईकडं जाऊन शिकला. गावभर हसली मानसं, त्यानं रोज घातली."

बाई थांबल्या. सवयच. पण आक्कांनी त्या थांबण्याचा अर्थ वेगळा घेतला.

"आता तुमचं दोगांचं वय झालंय, मूलबाळ न्हाई व्हनार. त्याचं मनात आनू नका बाई. ह्या वयात सोबत लागती, दुसरं काय लागतंय. आमच्यातलं कोन काय बोललं तर मी बगते त्यांच्याकडं."

मी कौलं बघायला लागलो.

आक्का उठल्या, नारळ काढला, तांदूळ काढले, एक हिरवा खण काढला. आपण विधवा, आपला हात नको, म्हणून शेजारणीला हाक मारली. शेजारणीनं बाईंना पाटावर बसवून ओटी भरली. बाईंनी पदर पुढं केला. मला वाटलं आता सांगतील, आता सांगतील. त्या वाकून आक्कांच्या पाया पडल्या आणि आम्ही निघालो.

स्टँडवर मी म्हणालो, "सांगायचं ना बाई, शिबिराचं हाय म्हणून."

"त्यांच्या तोंडाकडं बघितलंस का?"

"पण आता सरांना कळल्यावर?"

त्यांनी नारळ पिशवीत घातला. परत बाहेर काढला, परत घातला. म्हणाल्या, "मला बी जरा बसावंसं वाटलं रं तिथं."

सोमवारी सर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. मी कोपऱ्यात शिबिराची चित्रं चिकटवत होतो. सरांना मी दिसलो नाही, किंवा दिसून चाललं.

"आक्कांचा निरोप आला," सर म्हणाले. त्यांना बसायचंही सुचत नव्हतं. "तुमी गेला होता म्हणे. मला म्हणाला असतात तर मी पण आलो असतो. घर तरी आवरून ठेवलं असतं."

बाई थांबल्या. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच बघितलं, की त्या समोरच्यानं बोलावं म्हणून थांबल्या नव्हत्या.

"सर, मी शिबिराच्या चौकशीला गेले होते."

सरांना कळायला वेळ लागला. "माझी चौकशी?"

"सगळ्यांची होते."

"मी सगळ्यातला एक."

"पोरांच्या बाबतीत, होय." आणि मग त्यांनी ते वाक्य म्हटलं जे त्या सगळ्यांना ऐकवायच्या, पण एवढ्या हळू कधी म्हटलं नव्हतं. "माणूस चांगला असला की चौकशीनं झिजत न्हाई, सर."

"झिजतो बाई," सर म्हणाले. "तुमी मला नको म्हणाला असता ना, तर मी उद्या परत डबा घेऊन आलो असतो. पण पोरांना माझ्यापासनं काही होईल का, हे तुमी माझ्या बहिणीच्या चुलीपाशी बसून विचारलंत."

"होय."

"आणि ओटी? ती कशाची घेतलीत?"

याचं उत्तर मला माहीत होतं, पण ते मी सांगून कसं चालेल. सरांनी पुडा टेबलावर ठेवला. "पोरांना द्या," म्हणाले. दारापर्यंत गेले आणि थांबले. "पास झालो का?"

"झालात."

"मग येतो शिबिराला. सांगितलंय तर येतो."

आणि आले. रोज आले. पोरांना घेऊन त्यांनी अंगणभर कोयनेचं खोरं केलं. शेजारी कायम दुसरं माणूस, कायद्याप्रमाणं. बाईंनी न सांगता ते स्वतःच कुणाला तरी बोलावून घ्यायचे. शेवटच्या दिवशी पोरांनी धरणात बादलीनं पाणी सोडलं आणि सगळी चिखलात लोळली. बाई व्हरांड्यातनं बघत होत्या. सर त्यांना नमस्कार करून गेले, लोक पाहुण्यांना करतात तसा.

डबा घेऊन ते पुन्हा आले नाहीत. बाई त्याच टेबलावर, त्याच वेळी जेवायच्या. कधीकधी मी जाऊन बसायचो, संचालकांची नक्कल करायचो, मान्यांची करायचो. बाई हसायच्या. पण मटकी तेवढीच आणायच्या आणि अर्धी उरायची. मी एकदा धीर करून म्हणालो, जाऊन सांगा सरांना, ओटी खरी होती म्हणून. त्या म्हणाल्या, "आता सांगितलं तर चौकशी खोटी होते. परत कुणाच्या दारात जाऊ मी?" मला तेव्हा ते आडमुठं वाटलं. अजूनही थोडं वाटतं. सर पुढच्या वर्षी रिटायर झाले आणि मुलीकडं साताऱ्याला गेले.

बाईंची बदली झाली ती पण साताऱ्याच्या केंद्रावर, दशक संपता संपता. तिथंही त्यांनी शिबिर चालू केलं आणि मला नकलांना बोलावलं. त्याआधी विट्याला माणसं जाऊन आली होती. आईनं या वेळी त्यांना जेवू घालूनच सोडलं.

पहिल्या दिवशी गेटवर पालकांची गर्दी. त्यात जाधव सर. वाळले होते जरा. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात नातवाचा हात. मला बघून म्हणाले, "काय नकल्या." मग आवाज खाली आणून, "सगळ्यांची चौकशी झालीय ना?"

"झालीय सर."

"आचाऱ्याची?"

"त्याची बी."

"कोण गेलं होतं? बाई स्वतः?"

"स्वतः."

सरांनी मान हलवली. बाई व्हरांड्यात उभ्या होत्या, बायकांच्या घोळक्यात. "बोलवू का?" मी म्हणालो.

"नको. कामात आहेत." त्यांनी वळकटी पोराच्या डोक्यावर दिली, पाठीवर थाप मारली आणि व्हरांड्याकडं बोट दाखवलं. पोरगं निघालं. ते बाईंपाशी पोचेपर्यंत सर बघत राहिले, आणि मग रस्ता ओलांडून गेले.

मी पोराच्या मागोमाग गेलो. बाईंनी नाव विचारलं, गाव विचारलं. पोरानं दोन्ही सांगितलं, आडनाव सरांच्या जावयाचं. बाईंनी मान वर करून गेटकडं बघितलं. तिथं आता दुसऱ्याच कुणाचे तरी आईवडील होते.

"आजोबांनी आणलं?"

"व्हय. म्हणाले, रडू नको. या बाई हायेत तिथं काय भ्यायचं काम न्हाई."

"आणखी काय म्हणाले?"

पोरानं आठवून बघितलं. "आणखी काय न्हाई."

बाईंनी त्याच्या डोक्यावरची वळकटी उतरवून घेतली आणि जरा वेळ पोटाशी धरली. "बरं," म्हणाल्या. "चल."